डीव्हीडी लावली, चित्र आले, आवाज मात्र नाही: घरच्या घरी करावयाची तपासणी

डीव्हीडी प्लेयरवर चित्र स्वच्छ दिसत असेल आणि आवाज तेवढा येत नसेल, तर दोष सहसा डिस्कमध्ये नसतो आणि लेन्समध्येही नसतो. एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी दुरुस्तीच्या दुकानाची एक फेरी वाचू शकते. डीव्हीडीवर चित्र आणि ध्वनी वेगवेगळ्या जागी लिहिलेले नसतात. दोन्हींची माहिती लहान लहान तुकडे करून एकाच प्रवाहात गुंफलेली असते आणि ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा एकच लाल लेसर किरण ती वाचतो. त्यामुळे ओरखडा पडला किंवा लेन्सवर धूळ साचली, तर चित्राचे चौकोन फुटतात, दृश्य अडकते आणि त्याच्याबरोबरच आवाजही तुटतो. चित्राला काहीही न होता केवळ आवाज नाहीसा झाला असेल, तर माहिती व्यवस्थित वाचली गेली आहे आणि अडचण त्यापुढच्या वाटेवर कुठेतरी आहे, असे समजावे. प्लेयरमधील ध्वनी उलगडणारा भाग, प्लेयरचे सेटिंग, मागची वायर, टीव्ही किंवा ॲम्प्लिफायरचे इनपुट आणि शेवटी स्पीकर, अशी ती वाट आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांतून डीव्हीडी अजून हद्दपार झालेली नाही. चित्रपटांसाठी आता कोणी प्लेयर लावत नाही हे खरे. पण दर्शनी कपाटाच्या खणात लग्नाच्या अल्बमशेजारी लग्नाची डीव्हीडी असते, गावच्या यात्रेत बसवलेल्या नाटकाचे चित्रीकरण असते, सप्ताहातील एखादे कीर्तन असते, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची डिस्क असते. यातील बहुतेक गोष्टी इंटरनेटवर शोधून सापडणार नाहीत, कारण त्यांच्या दोन-चार प्रतीच निघालेल्या असतात. शिवाय ज्या माणसांचा आवाज पुन्हा ऐकायचा असतो, त्यांतील काही आता घरात नसतात. अशा वेळी आवाज न येणे ही किरकोळ गैरसोय राहत नाही, म्हणून ही तपासणी थोडी सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात कोठून करावी

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा या कामातील पहिला नियम आहे. वायर, सेटिंग आणि इनपुट अशा तिन्ही गोष्टी एकदम हलवल्या आणि आवाज आला, तर तो कशामुळे आला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी तीच शोधाशोध पुन्हा करावी लागते.

प्रथम टीव्हीवर एखादी नेहमीची वाहिनी लावून पाहावी. तिचाही आवाज येत नसेल, तर प्लेयर निर्दोष आहे आणि टीव्हीकडे लक्ष द्यायला हवे. म्यूटचे बटण दाबले गेले आहे काय, टीव्हीच्या बाजूला हेडफोनची पिन अडकून राहिली आहे काय, आणि टीव्हीच्या ध्वनीच्या मेनूमध्ये स्वतःचे स्पीकर बंद करून बाहेरचे स्पीकर निवडले गेले आहेत काय, हे पाहावे. शेवटची गोष्ट मुलांच्या हातून सहज होते आणि मोठ्यांच्या लक्षात महिनोन्महिने येत नाही.

वाहिनीचा आवाज ठीक असेल तर तीन प्रकारच्या डिस्क जवळ घ्याव्यात: दुकानातून विकत घेतलेली चित्रपटाची डीव्हीडी, गावात चित्रीकरण करून भरून घेतलेली डीव्हीडी आणि गाण्यांची साधी ऑडिओ सीडी. ऑडिओ सीडीचा आवाज येतो आणि चित्रपटाचा येत नाही, तर वायर आणि स्पीकर दोन्ही ठीक आहेत आणि अडचण सेटिंगची किंवा ध्वनीच्या प्रकाराची आहे. तिन्ही डिस्क मुक्या असतील तर वायर, इनपुट, आवाज बाहेर देण्याचे सेटिंग किंवा प्लेयरचा आतील भाग यांपैकी कुठेतरी अडचण आहे. एकच डिस्क मुकी असेल तर त्या डिस्कपुरताच विचार करावा. चित्र पुढे पळवत असताना किंवा सावकाश चालवत असताना बहुतेक प्लेयर आवाज देत नाहीत, हा दोष नाही. रिमोटवरील प्लेचे बटण एकदा दाबून खात्री करून घ्यावी.

वायर आणि तिचे रंग

जुन्या प्लेयरच्या मागे पिवळा, पांढरा आणि लाल असे तीन जॅक असतात. पिवळा चित्राचा, पांढरा डाव्या बाजूच्या आवाजाचा आणि लाल उजव्या बाजूच्या आवाजाचा. येथपर्यंत कोणाचा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो शेजारच्या हिरव्या, निळ्या आणि लाल अशा दुसऱ्या तीन जॅकमुळे. तो संच केवळ चित्रासाठी असतो, तरीही त्यातील लाल जॅक आवाजाच्या लाल जॅकसारखाच दिसतो. भिंतीला टेकवलेल्या टीव्हीच्या मागे हात घालून, चाचपडत पिन लावताना आवाजाची लाल पिन चित्राच्या लाल जॅकमध्ये जाते आणि मग एका बाजूचा आवाज जातो किंवा नुसती गुणगुण ऐकू येते. मोबाइलचा उजेड पाडून जॅकच्या खालची अक्षरे वाचावीत. अंदाजाने पिन लावू नये.

काही प्लेयरवर याच आकाराचा, बहुधा नारिंगी किंवा काळ्या रंगाचा आणखी एक जॅक असतो आणि त्याखाली कोॲक्सियल असे लिहिलेले असते. त्यातून बाहेर पडतो तो अंकीय म्हणजे डिजिटल संदेश. टीव्हीच्या पांढऱ्या-लाल जॅकला तो समजत नाही; तेथे तो जोडला तर शांतता किंवा खरखर, यांपैकी एक हाती लागते.

नव्या पातळ टीव्हीवर हे तीन जॅकच राहिलेले नाहीत. त्यांच्या जागी हेडफोनसारखे एकच बारीक छिद्र असते आणि त्यासाठी एका टोकाला एक पिन व दुसऱ्या टोकाला तीन जॅक अशी आखूड वायर लागते. या बारीक पिनेवर चार पट्टे असतात आणि कोणत्या पट्ट्यावर चित्र, कोणत्यावर आवाज, याचा क्रम सर्व टीव्हींत सारखा नसतो. दुकानातून आणलेली वायर पिनेला नीट बसते, पण चित्राचा संदेश आवाजाच्या पट्ट्यावर जातो आणि स्पीकरमधून भुंगा अडकल्यासारखा आवाज येऊ लागतो. टीव्हीबरोबर आलेली मूळ वायर मिळाली तर तीच वापरावी. ती हरवली असेल तर पिवळी पिन आळीपाळीने लाल आणि पांढऱ्या जॅकमध्ये लावून पाहावी. केवळ क्रमच वेगळा असेल तर एका जागी चित्र आणि उरलेल्या दोन जागी आवाज जुळून येतो. न जुळल्यास वायर बदलून आणणे हाच उपाय आहे.

पिना जागच्या जागी असूनही आवाज येतो-जातो असे होत असेल, तर पावसाळ्याचा विचार करावा. जांबोटी-कणकुंबीकडील घरांत, आणि खरे तर बेळगाव शहरातील जुन्या कौलारू घरांतही, जून ते सप्टेंबर भिंतीला ओल असते आणि वर्षभर न हललेल्या पिनांवर काळपट थर धरतो. प्लेयर व टीव्ही दोन्ही बंद करून प्रत्येक पिन जॅकमध्ये चार-पाच वेळा गोल फिरवावी. तेवढ्या घर्षणानेही थर सुटतो. अधिक काळवंडलेली असेल तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. रॉकेल किंवा थिनर वापरू नये.

गाणी ऐकू येतात, बोलणे ऐकू येत नाही

आता ज्या तक्रारीमुळे चांगले प्लेयर भंगारात जातात, तिच्याकडे वळतो. खानापूरजवळच्या एका गावी माझ्या आत्याच्या घरी हाच प्रकार पाहिला. चित्रपट सुरू केला की पार्श्वसंगीत मोठ्याने यायचे, पावसाचा आवाज यायचा, दार आपटल्याचा यायचा, पण माणसे नुसतेच ओठ हलवायची. आत्या म्हणाली, "अरे, सगळं ऐकू येतंय बघ, माणसंच तेवढी मुकी झाल्यात." दुरुस्ती करणाऱ्याने प्लेयर उघडूनही न पाहता बोर्ड गेल्याचे सांगितले होते आणि घरात नव्या प्लेयरची बोलणी चालली होती. प्रत्यक्षात प्लेयरला काहीही झालेले नव्हते.

विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या बऱ्याच डीव्हीडींवर ध्वनी दोन नव्हे तर सहा भागांत असतो. पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, मागचे दोन आणि केवळ खोल आवाजासाठीचा सहावा, असे हे भाग आहेत, यालाच ५.१ म्हणतात. संवाद पडद्याच्या मधून आल्यासारखे वाटावेत म्हणून ते मुख्यतः मधल्या भागात ठेवलेले असतात. आपल्या घरी सहा स्पीकरचा संच जोडलेला आहे अशी प्लेयरची समजूत असेल, तर तो संवाद इमानेइतबारे मधल्या स्पीकरच्या जॅकवर पाठवतो. त्या जॅकला काहीच जोडलेले नसते. टीव्हीला मिळतात ते पुढचे डावे आणि उजवे असे दोनच भाग, आणि त्यांत संगीत व इतर आवाज असतात. आत्याच्या घरी पाहुण्या आलेल्या कोणी मुलाने रिमोटशी खेळताना स्पीकरचे सेटिंग बदलले होते, एवढाच हा मामला होता.

रिमोटवरील सेटअपचे बटण दाबून ऑडिओ सेटअप किंवा स्पीकर सेटअप या पानावर जावे आणि डाउनमिक्स या ओळीवर यावे. तेथे स्टिरिओ किंवा एलटी/आरटी निवडले की प्लेयर सहाही भाग योग्य प्रमाणात दोनांत मिसळून देतो. हे दोन्ही पर्याय टीव्हीसाठी चालतात. मी स्टिरिओ निवडतो. डाउनमिक्स ही ओळच नसेल तर सेंटर स्पीकर बंद असल्याचे निवडावे, म्हणजे त्याचा वाटा पुढच्या दोन भागांत जातो. काही प्लेयरमध्ये डिस्क चालू असताना या ओळी फिक्या दिसतात आणि त्यांवर जाताच येत नाही. त्या वेळी स्टॉपचे बटण दोनदा दाबावे किंवा डिस्क बाहेर काढावी आणि मग सेटअप उघडावा. पुष्कळ लोक येथेच हार मानतात.

ज्यांच्या घरी खरोखरच सहा स्पीकरचा होम थिएटर आहे, त्यांनी मधल्या स्पीकरची वायर आधी तपासावी. टीव्हीच्या खाली ठेवलेल्या या स्पीकरची वायर झाडताना, पुसताना निघते आणि बाकीचे पाच वाजत असल्यामुळे कोणाला संशय येत नाही. ॲम्प्लिफायरवर ५.१ चे इनपुट निवडले आहे की ऑक्सचे, म्हणजे साधे दोन बाजूंचे, हेही पाहावे.

हीच लक्षणे दाखवणारी आणखी दोन कारणे आहेत आणि ती दुकानदारांनाही सहसा आठवत नाहीत. ज्या प्लेयरला माइकचा जॅक असतो, त्यात कराओकेची सोय असते आणि तिच्यात गायकाचा आवाज दाबण्याचा एक पर्याय असतो. डाव्या आणि उजव्या बाजूंना जे समान आहे ते वजा करायचे, अशी ती युक्ती आहे. गायकाचा आवाज सहसा दोन्ही बाजूंना सारखा असतो म्हणून तो दबतो, आणि त्याच न्यायाने संवादही दबतात. तो पर्याय बंद करावा. दुसरे कारण बारीक पिनेचे आहे. प्लेयरचा आवाज बारीक पिनेच्या वायरने कॉम्प्युटरच्या स्पीकरला दिला असेल आणि ती पिन पूर्ण आत गेली नसेल किंवा तिची अर्थची तार आत तुटली असेल, तर तेथेही नकळत हीच वजाबाकी होते: बोलणे नाहीसे होते आणि विहिरीतून आल्यासारखे पोकळ संगीत उरते. पिन खट् असा आवाज होईपर्यंत आत ढकलून पाहावी आणि तरीही फरक पडला नाही तर दुसरी वायर लावावी.

संवाद अगदीच नाहीसे नसून केवळ हळू येत असतील, म्हणजे बोलणे ऐकण्यासाठी आवाज वाढवावा आणि मारामारी सुरू झाली की धावत जाऊन कमी करावा लागत असेल, तर डायनॅमिक रेंज, डीआरसी किंवा नाइट मोड या नावाचे सेटिंग शोधून चालू करावे. चित्रपटगृहासाठी केलेल्या ध्वनीत हळू आणि मोठ्या आवाजांतील अंतर मुद्दाम मोठे ठेवलेले असते. हे सेटिंग ते अंतर कमी करते. रात्री जेवणानंतर, शेजारच्या खोलीत मूल झोपलेले असताना याचा फार उपयोग होतो.

ऑडिओचे बटण आणि न समजणारा ध्वनी

एका डीव्हीडीवर जास्तीत जास्त ८ ध्वनिपट असू शकतात. त्यांत वेगवेगळ्या भाषा असतात, कधी दिग्दर्शकाचे भाष्य असते, कधी तीच भाषा दोन तंत्रांत दिलेली असते. रिमोटवरील ऑडिओचे बटण एकेकदा दाबत गेल्यास पडद्याच्या कोपऱ्यात ध्वनिपटाचा क्रमांक, भाषा आणि प्रकार दिसतो. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात हिंदी आणि प्लेयरमध्ये कारखान्यातून भरून आलेली इंग्रजी, असा आपल्याकडचा कारभार असल्यामुळे भलतीच भाषा वाजू लागणे नवलाचे नाही. डिस्कच्या मुख्य मेनूमधून भाषा एकदा निवडली की प्रश्न सुटतो.

कोपऱ्यात डीटीएस ही अक्षरे दिसत असतील आणि आवाज अजिबात येत नसेल, तर तुमच्या प्लेयरला किंवा टीव्हीला तो प्रकार उलगडता येत नाही. स्वस्त प्लेयरमधून आणि अनेक टीव्हींतून डीटीएसचा आवाज निघत नाही. तथापि डीव्हीडीच्या नियमांनुसार डीटीएस हा ऐच्छिक प्रकार आहे आणि त्याच्या जोडीला दुसरा एखादा प्रमाणित ध्वनिपट, बहुधा डॉल्बी डिजिटलचा, डिस्कवर असावाच लागतो. ऑडिओचे बटण दाबून त्यावर जावे.

एचडीएमआय वायरने प्लेयर जोडलेला असेल तर चित्र आणि आवाज एकाच वायरने जातात, आणि म्हणून चित्र आले की आवाज यायलाच हवा असे वाटते. पण प्लेयरमध्ये एचडीएमआयच्या किंवा डिजिटल आउटपुटच्या आवाजाचे वेगळे सेटिंग असते. त्यात ऑफ, पीसीएम आणि रॉ किंवा बिटस्ट्रीम असे पर्याय असतात. बिटस्ट्रीम म्हणजे प्लेयरने ध्वनी न उलगडता जसाच्या तसा पुढे ढकलायचा. पुढच्या यंत्राला तो उलगडता आला तर उत्तम, नाहीतर शांतता. पीसीएम म्हणजे प्लेयरने स्वतः उलगडून द्यायचा. डॉल्बी उलगडणारा वेगळा ॲम्प्लिफायर घरी नसेल तर डोळे मिटून पीसीएम ठेवावे. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला डीव्हीआय अशी वायर कॉम्प्युटरच्या जुन्या पडद्याला लावली असेल, तर तिच्यातून आवाजाची अपेक्षा धरू नये; आवाजासाठी वेगळी वायर जोडावी लागेल.

ऑप्टिकल वायर वापरणाऱ्यांसाठी एक सोपी परीक्षा आहे. प्लेयर चालू ठेवून वायरचे टीव्हीकडील किंवा ॲम्प्लिफायरकडील टोक काढावे आणि ते तळहातासमोर धरावे. तळहातावर लाल ठिपका दिसला तर प्लेयरकडून संदेश निघतो आहे. ठिपका नसेल तर डिजिटल आउटपुट बंद आहे, वायर आत मोडली आहे, किंवा नव्या वायरच्या टोकावरील प्लॅस्टिकचे इवलेसे टोपण काढायचेच राहून गेले आहे. शेवटचे कारण हास्यास्पद वाटते, पण मी स्वतः त्यात अर्धा तास घालवला आहे.

एकाच बाजूने येणारा आवाज

गावातल्या नाटकाच्या आणि लग्नाच्या डीव्हीडींत हा दोष फार आढळतो आणि तो प्लेयरचा नसतो. चित्रीकरणाच्या वेळी एकच माइक कॅमेऱ्याच्या एका बाजूला जोडला जातो, आणि पुढे संकलन करताना दोन्ही बाजूंना आवाज भरायचा राहतो. मग साऱ्या नाटकात डावा स्पीकर बोलतो आणि उजवा मौन पाळतो. खात्री करण्यासाठी विकत घेतलेली एखादी डिस्क लावावी. तिचा आवाज दोन्हींकडून आला तर दोष चित्रीकरणाचा आहे. त्यानंतर प्लेयरच्या मागची पांढरी आणि लाल पिन आपसांत बदलावी: मुका स्पीकर बोलू लागला आणि बोलका मुका झाला, तर वायर आणि स्पीकर निर्दोष आहेत हेही कळते.

अशा डिस्कसाठी बाजारात एका पिनेचे दोन जॅक करणारी वायर मिळते. प्लेयरच्या पांढऱ्या जॅकमधून निघणारा आवाज तिच्या साहाय्याने टीव्हीच्या पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही जॅकना द्यावा. एका आउटपुटचे दोन इनपुट केले तर काही बिघडत नाही. मात्र प्लेयरची दोन आउटपुट एकत्र करून एका इनपुटला जोडू नयेत, कारण मग ती एकमेकांवर भार टाकतात.

जुन्या व्हीसीडींबाबत थोडे वेगळे आहे. कराओकेच्या व्हीसीडीवर एका बाजूला गाणे आणि दुसऱ्या बाजूला केवळ वाद्ये ठेवण्याची पद्धत होती, आणि म्हणून व्हीसीडी चालू असताना ऑडिओचे बटण भाषा न बदलता डावी बाजू, उजवी बाजू आणि स्टिरिओ यांत फिरते. ते चुकून एका बाजूवर अडकले तर गायकच गायब होतो. बटण पुन्हा दाबून स्टिरिओवर यावे.

घरघर

आवाजामागे सतत एका पट्टीत घुमणारी घरघर येत असेल, तर ती बहुधा विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेची असते. टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि प्लेयर वेगवेगळ्या भिंतींवरील प्लगमधून चालत असतील आणि शिवाय केबल टीव्हीची वायर बाहेरून येत असेल, तर अर्थिंगला दोन वाटा मिळतात आणि त्यांच्यातील फरक स्पीकरमधून ऐकू येतो. प्रथम केबलची वायर टीव्हीतून किंवा सेट टॉप बॉक्समधून काढून पाहावी. घरघर थांबली तर कारण सापडले. केबलवाल्याला सांगून मध्ये आयसोलेटर, म्हणजे अर्थिंगची ती दुसरी वाट तोडणारा जोड, बसवून घ्यावा. नंतर सर्व यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणावीत. घरघर घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. त्यांचे ऐकू नये. घरघरीमुळे कोणी दगावत नाही, अर्थिंग नसल्यामुळे दगावतात.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवतानाच आवाज बिघडत असेल, तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे की स्क्वेअर वेव्हचा, हे त्याच्या पेटीवर पाहावे. स्क्वेअर वेव्हवर ॲम्प्लिफायर गुरगुरतोच आणि त्याला प्लेयरचे कोणतेही सेटिंग उपयोगी पडत नाही.

ओठ आणि शब्द जुळत नसतील तर

नवे टीव्ही चित्र सुधारण्याच्या नादात ते थोडे उशिरा दाखवतात. आवाज टीव्हीतून न जाता प्लेयरकडून थेट ॲम्प्लिफायरला जात असेल, तर तो पुढे धावतो. आपल्याकडील पाल या टीव्हीच्या चित्रपद्धतीत चित्राची एक चौकट ४० मिलिसेकंदांची असते, त्यामुळे तीन-चार चौकटींचा उशीरही डोळ्यांना खटकतो. ॲम्प्लिफायरवर ऑडिओ डिले असेल तर तो थोडा थोडा वाढवावा. नसेल तर टीव्हीचा गेम मोड, म्हणजे चित्र सुधारण्याचे काम कमी करणारे सेटिंग, लावावा किंवा आवाज टीव्हीतून घेऊन मग ॲम्प्लिफायरला द्यावा. कॉम्प्युटरवर व्हीएलसी या प्रोग्राममध्ये डीव्हीडी पाहत असाल तर इंग्रजी जे आणि के या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या पावलांनी मागे-पुढे करता येतो. सुरुवातीला जुळलेला आवाज तासाभराने हळूहळू सुटत गेला, तर तो दोष डिस्क भरतानाचाच असतो.

डिस्क, दमटपणा आणि प्लेयरची आतील बाजू

चित्र आणि आवाज दोन्ही तुटत असतील तरच डिस्क पुसावी. मऊ सुती कापड थोडे ओले करून मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवू नये. गोल ओरखडा लेसरच्या वाटेबरोबर धावतो आणि सलग बरीच माहिती खातो. आडव्या ओरखड्याने वाटेवरील थोडीच माहिती जाते व प्लेयर ती सावरून घेतो. पावसाळ्यात बंद राहिलेला प्लेयर सुरुवातीला अडखळत असेल, तर डिस्क न घालता तासभर चालू ठेवावा, म्हणजे आतील उबेने लेन्सवरील ओल उडून जाते. एकच प्रत असलेल्या नाटकाची किंवा लग्नाची डिस्क मात्र दुरुस्त न झालेल्या प्लेयरमध्ये पुन्हा पुन्हा घालू नये. आधी कॉम्प्युटरवर तिची नक्कल करून घ्यावी, कारण घरी भरलेल्या डिस्कमधील रंगाचा थर उन्हाने आणि काळाने विटत जातो.

हे सारे करूनही पांढऱ्या-लाल जॅकमधून आवाज येत नसेल, पण त्याच प्लेयरच्या एचडीएमआय किंवा कोॲक्सियल जॅकमधून तो व्यवस्थित येत असेल, तर दोष प्लेयरच्या आत, शेवटच्या टप्प्यावर आहे. तेथे आवाज वाढवून बाहेर देणारी एक छोटी आयसी असते. अनेक साध्या प्लेयरमध्ये ती ४५५८ या क्रमांकाची असते आणि तिला अधिक १२ व उणे १२ व्होल्ट असे दोन्ही पुरवठे लागतात. पॉवर सप्लायमधला एखादा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) फुगून यांपैकी एक पुरवठा गेला, तर चित्र उत्तम राहते आणि आवाज जातो किंवा फाटतो. हे काम स्वस्त आहे, पण ते घरी करण्याचे नाही: २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून आतील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहतात.

दुकानात प्लेयर नेताना रिमोट आणि आवाज न देणारी डिस्क, विकत घेतलेली असेल तर, बरोबर न्यावी. "आवाज येत नाही" एवढेच सांगून प्लेयर तेथे ठेवून येऊ नये. कोणत्या जॅकमधून आवाज येतो आणि कोणत्यामधून येत नाही, ऑडिओ सीडी वाजते की नाही, डाउनमिक्स काय ठेवले आहे, हे एका कागदावर लिहून तो प्लेयरच्या झाकणावर चिकटवावा. असा कागद पाहिल्यावर मेकॅनिक आधी पॉवर सप्लायवरील व्होल्टेज मोजतो, आणि बोर्ड बदलण्याची गोष्ट नंतर निघते.